काढा, सून आणि पेशींचे निरोप

नमस्कार डॉक्टर,
मी नौपाड्यात राहते. शिक्षिका होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझी सून २८ वर्षांची, ऐरोलीला एका कंपनीत कामाला. गेल्या वर्षी गणपतीत तिला उजव्या डोळ्याने अंधूक दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. महिन्याभरात आपोआप बरं झालं, आम्हीही विसरलो. यंदा मे महिन्यात दोन्ही पायांपासून कमरेपर्यंत मुंग्या आणि बधिरपणा आला. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं, पाच दिवस स्टिरॉइडचं सलाईन लावलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. आता ती हिंडतेफिरते, कामावर जाते. पण डॉक्टर म्हणतात, दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबचं सलाईन घ्यायचं, त्याने प्रतिकारशक्तीच्या काही पेशी नाहीशा होतील. मला हे पटत नाही. आजारी माणसाची ताकद वाढवायची की कमी करायची? मी तिला रोज सकाळी गुळवेल, आलं, मिरी आणि तुळशीचा काढा देत होते. मागच्या रविवारी मुलाने तो माझ्यादेखत बेसिनमध्ये ओतला आणि म्हणाला, "आई, तू तिला आणखी आजारी पाडते आहेस." तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाही.
आणखी एक. मला स्वतःला रुमॅटॉइड संधिवात आहे. तीन वर्षं अडालिमुमॅबचं इंजेक्शन घेते, बोटं सुटी झाली. हाही आपल्याच पेशी आपल्यावर उलटण्याचा आजार, असं मला सांगितलं होतं. मग माझं इंजेक्शन सुनेला का चालत नाही? माझं कुठे चुकलं? तिच्या एमआरआयच्या रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे.
— एक सासू, ठाणे

ताई,

तुमचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, ते आधी मनातून काढून टाका. ताकद वाढवायची की कमी करायची, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता आणि त्यांनी पहिल्यांदा तुमचंच उत्तर निवडलं होतं. १९८७ साली अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १८ रुग्णांना इंटरफेरॉन गॅमा देऊन पाहिलं. हे आपल्याच टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, बनवतात असं रसायन. विषाणू शरीरात शिरला की ते बाकीच्या पेशींना चेतवतं. या आजारामागे एखादा विषाणू असावा असा तेव्हा संशय होता, म्हणजे लढणारं रसायन वाढवलं की रुग्ण सुधारायला हवा होता. घडलं उलटं. १८ पैकी ७ जणांना उपचार चालू असतानाच या आजाराचा नवा अटॅक आला. मी त्या काळात पॅथॉलॉजीत नवखी होते. हे निष्कर्ष वाचले आणि 'प्रतिकारशक्ती' या शब्दावरचा माझा विश्वास थोडा हलला, तो अजून पूर्ण परतलेला नाही.

शक्ती म्हटलं की आपण ती गच्चीवरच्या टाकीसारखी मोजतो. पातळी खाली गेली, भरा. पण शरीरात अशी एक टाकी नाही. तिथे कोट्यवधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींना सतत निरोप पाठवत असतात: इकडे या, थांबा, वाढा, मरा. तुमच्या सुनेच्या शरीरात पातळी कमी झालेली नाही आणि जास्तही झालेली नाही. चुकीच्या जागी चुकीचा निरोप गेला आहे, आणि तो पुन्हा पुन्हा जातो आहे.

आपल्याच पेशी मेंदूवर उलटतात हे कळलं कसं, ती गोष्ट आपल्या देशाशीही जोडलेली आहे. कुत्रा चावला की पोटात १४ इंजेक्शनं, हे तुमच्या-माझ्या पिढीला वेगळं सांगायला नको. माझ्या मामेभावाने मुरबाडला ती घेतली होती, शेवटच्या दिवसांत त्याला दवाखान्यात उचलून न्यावं लागायचं. ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून बनायची. कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये ती पद्धत बसवली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण क्वचित एखाद्याला लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत पायांतलं बळ जायचं, लघवी अडायची. तो रेबीज नसायचा. लशीबरोबर मेंढीच्या मेंदूतलं मायलिनही शरीरात गेलेलं असायचं. मायलिन म्हणजे मज्जातंतूंभोवतीचं स्निग्ध वेष्टन, आणि मेंढीचं मायलिन बरंचसं माणसाच्या मायलिनसारखंच. विषाणूला शत्रू मानायला शिकता शिकता शरीर मायलिनलाही शत्रू मानायला शिकलं. १९३३ मध्ये न्यूयॉर्कला थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना मेंदूच्या अर्काची इंजेक्शनं वारंवार देऊन हे मुद्दाम घडवून दाखवलं. त्याच प्रयोगाची पुढची रूपं आजही प्रयोगशाळांत वापरतात.

आता निरोपांकडे येते. इथे जरा सावकाश वाचा, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथेच आहेत.

मायलिनला ओळखू शकणाऱ्या थोड्या टी-पेशी तुमच्या रक्तातही आहेत आणि माझ्याही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे अशा पेशी गाळल्या जातात. गाळणीतून काही निसटतातच. तरी बहुतेकांना आजार होत नाही, कारण टी-पेशी नुसत्या ओळखीवर उठत नाही. बँकेतल्या लॉकरसारखं आहे ते. तुमची किल्ली लागली तरी बँकेची लागल्याशिवाय दार उघडत नाही. टी-पेशीला पहिली किल्ली मिळते ती दुसऱ्या एखाद्या पेशीने समोर धरलेल्या प्रथिनाच्या तुकड्यातून. दुसरी किल्ली ती समोरची पेशी तेव्हाच लावते जेव्हा तिला आसपास धोका जाणवतो. पहिली लागली आणि दुसरी आलीच नाही, तर टी-पेशी सुस्तावते, पुढेही सहसा उठत नाही. शरीराची ही फार सुंदर खबरदारी आहे.

दोन्ही किल्ल्या लागल्या की तिसरी गोष्ट ठरवते, ही पेशी कोणत्या कामाला लागणार. ते ठरतं सायटोकाइनवर. सायटोकाइन म्हणजे पेशी बाहेर सोडतात ती लहान प्रथिनं, निरोपाच्या चिठ्ठ्याच म्हणा ना. इंटरल्यूकिन-१२ ची चिठ्ठी मिळाली तर टी-पेशी ते इंटरफेरॉन गॅमा बनवायला लागते, ज्याने १९८७ मध्ये घात केला. इंटरल्यूकिन-६ आणि २३ च्या चिठ्ठ्या मिळाल्या तर ती इंटरल्यूकिन-१७ बनवणारी, जास्त आक्रमक पेशी होते. चिठ्ठी पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या ग्राहीवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर, चिकटते, आतली जॅक नावाची विकरं जागी होतात, ती स्टॅट नावाच्या प्रथिनांना उठवतात, आणि स्टॅट थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुकं वाचायची ते ठरवतात. हे सगळं काही मिनिटांत होतं.

वर्षानुवर्षं सगळा दोष इंटरल्यूकिन-१२ वर होता. २००३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की मेंदूतल्या दाहाला खरी गरज इंटरल्यूकिन-२३ ची आहे. दोन्ही रेणूंचा एक भाग सारखा असल्याने ही गफलत झाली होती. पण मग त्या दोघांनाही अडवणारं औषध माणसांना देऊन पाहिलं, तर मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये त्याचा उपयोग झाला नाही. उंदरात पटलेलं माणसात उतरतंच असं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, काढ्याच्या वेळी लागेल.

या सगळ्याला लगाम घालणाऱ्याही पेशी असतात, त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या, तेव्हा अनेकांनी मान डोलावली नव्हती. २०२५ चं वैद्यकातलं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि त्यांना मिळालं. म्हणजे 'थांबा' हा निरोपही प्रतिकारशक्तीचाच भाग आहे. काढ्याच्या पाकिटावरच्या जाहिरातीत तो कधी दिसत नाही.

आता ही चेतलेली टी-पेशी मेंदूपाशी येते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरात इतर ठिकाणी असतात त्यापेक्षा घट्ट असतात, रक्तातल्या पेशींना तिथे सहज प्रवेश नाही. पण आजूबाजूला सायटोकाइन पसरली की भिंतीच्या आतल्या बाजूला चिकटण्याची जागा उगवते, आणि चेतलेल्या टी-पेशीच्या अंगावर त्याला बसणारा आकडा असतो. पेशी चिकटते, सरपटते, भिंतीतून आत जाते. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये मज्जारज्जूच्या एका डागापुढे 'कॉन्ट्रास्ट घेतो' असं लिहिलं आहे ना, त्याचा अर्थ हाच. एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम निरोगी मेंदूत वा मज्जारज्जूत झिरपत नाही. ते तिथे चमकलं, म्हणजे तिथली भिंत त्या दिवशी गळत होती. बाकीचे डाग चमकले नाहीत, ते जुने आहेत.

आत गेल्यावर जे होतं ते मला नेहमी गल्लीतल्या रात्रीसारखं वाटतं. कुणीतरी "चोर, चोर" ओरडतं. चोर कुणी पाहिलेला नसतो. पण पहिल्या खिडकीचा दिवा लागतो, मग दुसऱ्या, मग माणसं काठ्या घेऊन खाली उतरतात, आणि पहाटेचा दूधवाला मार खातो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, एरवी त्या साफसफाई करतात, पेशींमधले जोड नीट ठेवतात. टी-पेशीने इंटरफेरॉन गॅमा आणि दुसरी काही सायटोकाइन सोडली की त्या रूप बदलतात. त्या टीएनएफ सोडतात, इंटरल्यूकिन-१ सोडतात, नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्यांनी सोडलेल्या दुसऱ्या रसायनांच्या वासावर रक्तातून आणखी पेशी येतात, त्या पुन्हा मायक्रोग्लियाला चेतवतात. मूळ आरोळी कुणी ठोकली होती हे तोवर गौण झालेलं असतं. दाह स्वतःच स्वतःला पोसत राहतो. मायलिन सोलून निघतं, आतल्या मज्जातंतूच्या तारेतला संदेश मंदावतो किंवा अडतो. तुमच्या सुनेच्या कमरेपर्यंतच्या मुंग्या म्हणजे मज्जारज्जूतली अशी एक अडलेली जागा.

स्टिरॉइडच्या सलाईनने काय केलं? त्याने पेशींच्या आत जाऊन दाहाची बरीचशी जनुकं एकदम मिटवली आणि गळकी भिंत पुन्हा घट्ट केली. आग विझवली म्हणा. पण ज्या पेशींनी ती लावली त्यांच्या आठवणीत मायलिनचा तुकडा तसाच आहे.

म्हणून ती आज हिंडतेफिरते यावर फार विसंबू नका. मला ठाऊक आहे, हे ऐकायला कठोर वाटतं. गेल्या गणपतीत तिचा डोळा 'आपोआप बरा' झाला तो सूज उतरल्यामुळे, थोडं मायलिन पुन्हा बनल्यामुळे आणि उघड्या पडलेल्या तारेने संदेश नेण्याची दुसरी सोय लावल्यामुळे. क्लीव्हलंडच्या ब्रूस ट्रॅप यांनी १९९८ मध्ये या आजारातल्या डागांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा वेष्टनच नाही, आतली तारही तुटलेली दिसली, आणि तीही आजाराच्या सुरुवातीच्या काळातच. तुटलेली तार परत जोडली जात नाही. बाहेरून जाणवणारा एक अटॅक येतो तेवढ्या काळात एमआरआयवर त्याच्या कितीतरी पट नवे डाग उमटून जाऊ शकतात. औषध सुरू करायची वेळ ती बरी दिसते आहे हीच. मी त्या जागी असते तर थांबले नसते.

आता रिटुक्सिमॅब. "काही पेशी नाहीशा होतील" हे डॉक्टरांचं वाक्य तुम्हाला बोचलं, ते खरंही आहे, पण अर्धं. हे औषध बी-पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींवर असलेल्या सीडी-२० या खुणेला जाऊन चिकटतं आणि त्या पेशी नष्ट करतं. बी-पेशींचं पाठ्यपुस्तकातलं काम अँटिबॉडी बनवणं. पण अँटिबॉडीचे मोठे कारखाने असलेल्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतं, त्यामुळे जुन्या लशींनी आणि जुन्या आजारांनी दिलेलं संरक्षण बऱ्याच अंशी शाबूत राहतं. २००८ मध्ये १०४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एका फेरीनंतर पहिल्या २४ आठवड्यांत चमकणारे डाग औषध न मिळालेल्या गटापेक्षा ९१ टक्क्यांनी कमी होते. अँटिबॉडी फारशा घटलेल्या नसताना! आयुष्यभर अँटिबॉडी मोजणाऱ्या माझ्यासारखीला हा धक्का होता. अँटिबॉडी कमी न होता दाह थांबला, तर बी-पेशी दुसरंच काहीतरी करत असणार. ते दुसरं काम म्हणजे निरोप. बी-पेशी टी-पेशीसमोर तुकडा धरतात, दुसरी किल्ली लावतात आणि इंटरल्यूकिन-६ सारख्या चिठ्ठ्या पाठवतात. तिच्या डॉक्टरांना त्या निरोप्याला मधून काढायचं आहे. याच सीडी-२० खुणेला चिकटणारं ऑक्रेलिझुमॅब अमेरिकेत २०१७ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. रिटुक्सिमॅबला या आजारासाठी तशी अधिकृत मंजुरी नाही, तरी अनुभव भरपूर आहे आणि खर्चात ते पुष्कळ परवडतं, म्हणून आपल्याकडे ते वापरतात. हे डॉक्टरांना उघडपणे विचारायला संकोचू नका.

तुमच्या इंजेक्शनचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसले. फार नेमकं विचारलंत. अडालिमुमॅब टीएनएफला अडवतं. तुमच्या बोटांच्या सांध्यांत टीएनएफ हाच मुख्य आरडाओरडा करणारा, त्याचं तोंड बंद केल्यावर सांधे शांत झाले. मेंदूतही मायक्रोग्लिया टीएनएफ सोडतात, मग तिथेही तेच व्हायला हवं, असाच विचार करून लेनरसेप्ट नावाच्या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाची १६८ रुग्णांवर चाचणी झाली. १९९९ मध्ये निष्कर्ष आले: औषध घेणाऱ्यांना अटॅक जास्त आले आणि लवकर आले. टीएनएफ ऐकणारे दोन वेगळे ग्राही असतात. एकावर तो चिकटला की दाह आणि पेशीचा मृत्यू. दुसऱ्यावर चिकटला की, निदान उंदरांत तरी, मायलिन बनवणाऱ्या पेशींची वाढ आणि दुरुस्ती. एकच शब्द, ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसाला तुमचं इंजेक्शन देत नाहीत. उलट तिचं औषध तुमच्या आजाराला चालतं: रिटुक्सिमॅबला रुमॅटॉइड संधिवातासाठी अमेरिकेत २००६ मध्येच मान्यता मिळाली. आणि ताई, एक गोष्ट हळूच सांगते. तीन वर्षं तुम्ही स्वतः प्रतिकारशक्तीचा एक निरोप औषधाने अडवून ठेवला आहे आणि त्याने तुमचे हात सुटे झाले. जे तुम्ही स्वतःसाठी स्वीकारलंत, ते तिच्यासाठी नाकारू नका.

गुळवेलीबद्दल मी तुमची बाजू घेणार नाही. मुलाचीही नाही. त्याने काढा बेसिनमध्ये ओतला ते वाईट केलं. तो घाबरलेला आहे, आणि घाबरलेली माणसं घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसावर चिडतात. पण "तू तिला आजारी पाडते आहेस" हे खोटं आहे. तिचा डोळा अंधूक झाला गेल्या गणपतीत, काढा त्यानंतरचा. तुमच्या हाताने तिला हा आजार झालेला नाही.

तरीही काढा बंद ठेवा. इथून खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीतल्या एका शर्करायुक्त घटकावर बरंच काम झालं आहे. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की हा घटक बी-पेशींना आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींना चेतवतो, आणि तेही धोक्याचा निरोप ऐकणाऱ्या टीएलआर-४ या ग्राहीमार्फत. म्हणजे डॉक्टर ज्या पेशी गप्प करू पाहताहेत त्यांनाच. प्रयोगशाळेतल्या पेशी म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला काढा नव्हे, उंदरांबद्दलचं माझं मघाचं वाक्य इथेही लागू आहे. पण संशय असेल तेव्हा मी मेंदू पणाला लावत नाही. शिवाय यकृताचा मुद्दा आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्या इजेचं रूप ऑटोइम्यून, म्हणजे आपल्याच पेशी आपल्यावर उलटण्याच्या, आजारासारखं होतं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दुसरीच सारखी दिसणारी वेल असू शकेल असं म्हटलं. वाद काहीही असो, बाजारातून आणलेल्या कांड्या नेमक्या कोणत्या वेलीच्या हे तुम्ही-मी ओळखणार नाही. आलं-तुळशीचा साधा चहा तिला आवडत असेल तर खुशाल द्या.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा घरांत एक शंका न बोलता फिरत असते, म्हणून बोलते. लग्नानंतर निघालं, नोकरीच्या दगदगीने झालं, गाडीच्या गर्दीने झालं, असं काही नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त जणांच्या नोंदी तपासल्या. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की एप्स्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यावर या आजाराचा धोका ३२ पट वाढतो. पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या शरीरात असतो, तुमच्याही, आणि फारच थोड्यांना हा आजार होतो. काही जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांचाही वाटा आहे. तिचा पेला वेगळा ठेवण्याचं काही कारण नाही. मूल होऊ देण्यातही अडचण नाही, मात्र औषधाच्या वेळा धरून ते ठरवावं लागतं, तेव्हा तिने आणि मुलाने ते डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

सलाईन सुरू होण्याआधी तुमच्या हातात बरंच काही आहे. हिपॅटायटिस-बीची तपासणी झाली आहे का ते रिपोर्टमध्ये बघा. मला तो कागद दिसला नाही. हा विषाणू यकृतात दबा धरून असेल तर रिटुक्सिमॅबनंतर उसळू शकतो, म्हणून ही तपासणी झाल्याशिवाय पहिला थेंबही जाऊ देऊ नका. क्षयाची तपासणीही विचारा. ज्या लशी द्यायच्या त्या शक्यतो औषधाच्या काही आठवडे आधी उरकायच्या, नंतर त्यांचा उपयोग कमी होतो. आणि रक्तातल्या अ‍ॅक्वापोरिन-४ व मॉग या अँटिबॉडींच्या तपासण्या झाल्या आहेत का ते विचारा. मल्टिपल स्क्लेरोसिससारखाच दिसणारा एन.एम.ओ. नावाचा दुसरा आजार आहे. २००४ मध्ये त्याची अँटिबॉडी सापडेपर्यंत दोघांची सरमिसळ व्हायची, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं त्या आजारात नुकसान करतात. डोळा आणि मज्जारज्जू दोन्हीला झळ पोचली आहे, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे. मनात शंका उरली तर परळला केईएमच्या न्यूरोलॉजी विभागात दुसरं मत घ्या, तिचे डॉक्टर त्याने दुखावणार नाहीत.

औषध सुरू झाल्यावर ताप, खोकला, लघवीला जळजळ यांकडे घरगुती उपायांनी बघायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. उन्हातून स्टेशनवरून चालत आल्यावर तिच्या पायांत मुंग्या परतल्या आणि पंख्याखाली बसून तासाभरात गेल्या, तर घाबरू नका. उष्णतेने उघडी तार आणखी मंदावते, उटहॉफ या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच ते लिहून ठेवलं आहे. लक्षण २४ तासांच्या वर टिकलं, किंवा पूर्वी कधी नव्हतं असं काही आलं, तर मात्र डॉक्टरांकडे. एक वही करा, तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्यासारखी वही दुसरं कुणी ठेवणार नाही. तारीख, लक्षण, किती वेळ टिकलं, सलाईन कधी झालं. अशी वही समोर ठेवली की न्यूरोलॉजिस्टचा अर्धा वेळ वाचतो.

खर्चाचं आणि सोयीसवलतींचंही एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. आज तिला प्रमाणपत्राची गरज नसेल, पण कागद नीट फाइल करून ठेवा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाचं काम मुंबईत आहे, तिथे तिच्या वयाच्या, नोकरी करणाऱ्या मुली तिला भेटतील. त्या भेटीचं मोल माझ्या या पत्राहून जास्त आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुम्ही बोलता, मुलगा बोलतो, डॉक्टर बोलतात. सून एकदाही बोलत नाही. तिला काढा हवा होता का? तिला सलाईनची भीती वाटते का? रात्री झोप लागते का? मुलाशी अबोला धरलात तर धरलात, तो निवळेल. तिच्याशी मात्र आजच बोला. सल्ला देऊ नका, नुसतं विचारा आणि ऐका. पहिलं सलाईन चार-पाच तास चालतं. तिला चालणार असेल तर त्या दिवशी डबा घेऊन तुम्ही तिच्याबरोबर जा, मुलगा ऑफिसला गेला तरी चालेल.

आणि तो काढा तुम्ही स्वतःही घेत होतात का? घरात एकीसाठी उकळलेला काढा बहुतेक दोघी पितात, म्हणून विचारते. घेत असाल तर तोही थांबवा, उद्या सकाळी तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करून तसं सांगा आणि यकृताची तपासणी करून घ्या. तिच्या हिपॅटायटिस-बीच्या रक्ताबरोबर तुमचंही देऊन टाका, म्हणजे दोघींची एकच खेप होईल.